गट नंबर २१४ मधला ओढा

३ डिसेंबर

कालवा निरीक्षकाच्या नोकरीत रोज डायरी लिहावी लागायची. पाण्याची पातळी किती, कुठलं दार किती उघडलं, कोण कुणाच्या पाळीवरून भांडायला आलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून वहीला हात लावला नाही, कारण लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं. खालच्या शिवारात ओढा काढायचा म्हणून गावानं समिती केली आणि अध्यक्ष म्हणून माझं, जोतीराम पाटलाचं, नाव एकमतानं आलं. एकमतानं म्हणजे दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

काम सोपं नाही. कुरुंदवाडच्या अलीकडचं आमचं गाव. वरच्या अंगाला पन्नास वर्षं उसाला पाटानं पाणी पाजलं, ते झिरपून सगळं खालच्या शिवारात येऊन बसतं. पुराचं पाणी आलं तर तेही बसतं. नदी समोर दोन किलोमीटरवर दिसते, पण पाण्याला तिकडं जायला वाट नाही. दीडशे एकर जमीन क्षारपड झाली. उन्हाळ्यात वर मीठ फुटतं, चुना सांडल्यासारखं. त्या पाण्याला वाट करून द्यायची, एवढंच काम.

कोल्हापूरची एक संस्था मशीन देणार आहे. त्यांच्याकडून श्रुती कांबळे नावाची पंचविशीतली मुलगी आली होती. तिला नुसता चर नको, ओढा पाहिजे. मासे वर चढले पाहिजेत, काठाला करंज, उंबर, वाळुंज पाहिजे, मध्ये डोह पाहिजेत, आडई बदकं उतरली पाहिजेत. मी म्हणालो, आधी पाणी घालवू, मग बदकांना आवतण देऊ. सगळे हसले. तीही हसली, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

घरी सांगितलं तर वर्षाराणी म्हणाली, "बरं झालं. तुमाला गप बसवत न्हायच." कौतुक होतं की टोमणा, हे लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी मला ओळखता येत नाही.

११ डिसेंबर

लेव्हलची दुर्बीण लावली. हात अजून थरथरत नाही, हे आज समितीला दिसलं. शिवाराच्या तळापासून नदीपर्यंत सरळ रेघ धरली तर ती गट नंबर २१५ मधून जाते. म्हणजे शेवंताबाई कांबळेंच्या वीस गुंठ्यांतून. वाईट वाटलं. म्हातारीची तेवढीच जमीन आहे. शाळू, थोडी वांगी, म्हशीला गवत. पण दुर्बिणीला माणूस दिसत नाही, उंची-सखल दिसतं.

श्रुती म्हणाली, शेजारच्या २१४ मध्येही लेव्हल घेऊ या. २१४ माझा गट. त्यात पुरुषभर ऊस उभा आहे, त्यात पट्टी धरली तर दुर्बिणीतून दिसणार कशी? हा तांत्रिक मुद्दा तिला समजावून सांगितला. तिनं मान डोलावली.

२१४ बद्दल सांगायचं तर तो आमच्या वडिलांचा पराक्रम आहे. आजोबांनी साडेतीन एकर ठेवली होती, वडिलांनी ती पावणेपाच केली. एक गुंठासुद्धा विकत न घेता. निव्वळ कष्टानं. ते म्हणायचे, जमीन वाढवायची तर अंग झिजवावं लागतं.

एक मात्र नवल आहे. शेवंताबाईंच्या रानात मीठ फुटत नाही. बांधाच्या अलीकडं माझ्या रानात मी दहा वर्षं कारखान्याची मळी ओततोय, जिप्सम टाकतोय, तरी मधला पट्टा सुधारत नाही. आणि तिच्या शाळूची ताटं माझ्या डोक्यावर जातात. नशीब एकेकाचं.

२२ डिसेंबर

श्रुतीनं ड्रोन उडवला. अख्खा गाव माना वर करून उभा. नंतर तिनं फोटो दाखवले. वरून आपलं शिवार बघताना छाती फुगते. माझ्या उसात मधोमध एक पिवळा पट्टा दिसत होता, वळणं घेत घेत गेलेला. ती बराच वेळ तोच फोटो बघत बसली. मी म्हणालो, तिथं ठिबकची पाइप तुंबलीय, खत पोचत नाही.

"पाइप अशी वळवळत टाकलीया व्हय, आबा?" तिनं विचारलं.

आजकालच्या पोरींना मोठ्या माणसांशी बोलायची रीत राहिली नाही.

मग सरळ आणि वाकड्यावरून वाद झाला. माझं म्हणणं, सरळ काढला की कमी खोदाई आणि लवकर निचरा. तिचं म्हणणं, सरळ असतो तो पाट, ओढा कधी सरळ नसतो. वळणावर पाणी दमतं, गाळ टाकतं, तिथं जीव धरतो. ऐकायला छान आहे. पण मी तेहतीस वर्षं पाणी हाकलंय. तिला भूमी अभिलेखमधून जुना गावनकाशा मागवायचा आहे. म्हणालो, दीड-दोन महिने जातील, मी सरकारात काम केलंय, मला विचारा. नकाशाची गरजच नाही.

२६ जानेवारी

ग्रामसभा. ओढ्यावर दीड तास चर्चा, त्यातला एक तास मगरीवर. नदीतल्या मगरी ओढ्यानं वर येऊन थेट गोठ्यात शिरतील, असं सरपंचांच्या भावकीतल्या एकानं ठासून सांगितलं. दुसरा म्हणाला, मगरीला म्हशीचा वास दोन मैलांवरून येतो. श्रुतीनं शांतपणे सांगितलं, पुरात मगर तशीही रानात येते, पण वाट नाही म्हणून परत जाता येत नाही आणि मग माणसं तिच्यामागं काठ्या घेऊन लागतात. ओढा असला तर ती आल्या वाटेनं जाईल. पोरगी हुशार आहे, हे मी मान्य करतो.

आणि त्याच सभेत मला कळलं की ती शेवंताबाईंची नात आहे. मुलगा नोकरीसाठी उचगावला गेला, तिथंच हिचा जन्म आणि शिक्षण, म्हणून मी ओळखली नाही. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. आता वळणांचा अर्थ लागला. आजीचं रान वाचवायला ओढा वाकवायचा आणि नाव माशांचं घ्यायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण उगाच पडलेली नाही.

मी ठरवलंय. ओढा होणार आणि सरळ होणार. कुणाच्या नात्यागोत्यासाठी वाकणार नाही.

१४ फेब्रुवारी

आठ दिवसांपूर्वी ऊस तुटला. रान मोकळं झालं तशी श्रुतीनं पुन्हा मागणी केली, दोन्ही गटांत चाचणीचे खड्डे घ्या. ती आज कोल्हापुरात बैठकीला गेली होती. संस्थेचा मशीनवाला कृष्णात पोकलेन घेऊन रिकामाच होता. म्हटलं उरकून टाकू.

आधी शेवंताबाईंच्या रानात खणलं. सहा फुटांपर्यंत काळी माती, मग कडक मुरूम. पाणी नाही. मग माझ्या रानात, पिवळा पट्टा होता तिथं. चार फुटांवर वाळू लागली. पाच फुटांवर गोल गोटे आणि शिंपले. मुठी मुठीनं शिंपले. आणि चारी बाजूंनी पाणी झिरपून खड्डा बघता बघता भरला.

कृष्णात मशीनवरून खाली वाकून बघत राहिला. मी त्याला खड्डा बुजवायला सांगितलं.

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. नदीकाठच्या मुलखात शिंपले कुठंही सापडतात. पुराबरोबर येतात. एका खड्ड्यावरून निष्कर्ष काढणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. उगाच गोंधळ नको, काम लांबेल, पावसाळ्याच्या आत संपलं पाहिजे. कृष्णातला म्हणालो, कुणी विचारलं तर दोन्हीकडं मुरूमच लागला म्हणून सांग. तो कान खाजवत उभा राहिला.

१६ फेब्रुवारी

बुजवलेल्या जागी अजून ओल आहे. वर उसाचं पाचट पसरलं.

१७ फेब्रुवारी

धुण्यात माझ्या शर्टाच्या खिशातून एक शिंपला निघाला. मी तो कधी खिशात टाकला, मला आठवत नाही. वर्षाराणीनं तो धुऊन खिडकीत माझ्या चष्म्याशेजारी ठेवलाय. बायकांना काहीही जपून ठेवायची खोड असते.

३ मार्च

संमतीपत्र घेऊन शेवंताबाईंकडं गेलो. बाहेर म्हशीजवळ बसल्या होत्या. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, समोर ताजी फुलं. मी सगळं समजावलं. दीडशे एकराचा प्रश्न आहे, गाव तुमचं नाव काढेल, वगैरे. तयारी करूनच गेलो होतो.

माझ्या वडिलांना त्या मालक म्हणायच्या. मला नावानं हाक मारतात. पूर्वी मला ते खटकायचं.

सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. "जोतीराम, तुझ्या रानात खणलास न्हवं? काय लागलं?"

"मुरूम."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या, पेन मागितलं आणि संमतीपत्रावर सही केली. अंगठा नाही, सही. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या होत्या म्हणे.

एवढ्या लवकर काम होईल असं वाटलं नव्हतं. माणसाला पटवून सांगता आलं की माणूस ऐकतो. घरी येऊन जेवायला बसलो, पण जेवण गेलं नाही. ऊन लागलं असावं.

९ एप्रिल

आज नदीकडून खोदाई सुरू. नारळ मी फोडला. कृष्णातचा हात कसबी आहे. तळ सहा फूट, वर दोन्ही काठांना उतार. श्रुतीच्या हट्टापायी तीन ठिकाणी रुंद डोह काढायचे ठरले. तेवढं मी दिलं, कारण ती आजकाल माझ्याशी फार बोलत नाही आणि मला ते बरं वाटत नाही. तिनं एकदाच विचारलं, "आबा, आज्जीनं सही का केली असंल?" मी म्हणालो, समाजाचं हित कळतं त्यांना. तिनं माझ्याकडं बघितलं ते अगदी आजीसारखं.

१५ एप्रिल

पहिल्या डोहाच्या काठावर टिटवीनं अंडी घातली आहेत. चार. कृष्णातनं मशीन वीस फूट बाजूनं फिरवून घेतलं आणि जागेभोवती फांद्या रोवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, अरे डिझेल किती गेलं. तो म्हणाला, "गेलं की थोडं. तिचं घर हाय ते." मी त्याला चहा पाजला.

२३ एप्रिल

सव्वा किलोमीटर झाला. उद्या मशीन शेवंताबाईंच्या बांधाला लागेल.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे आणि ती डायरीत नोंदवायला हवी. नदीपासून एक किलोमीटरपर्यंत दोन्ही काठांतून पाणी पाझरत होतं. शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये तळ कोरडा आहे. नुसता कडक मुरूम, बकेटचे दात घासून निघाले. २१५ मध्येही हाच मुरूम आहे. म्हणजे खणलं तरी बाजूचं पाणी ओढ्यात उतरेल का, याबद्दल मला शंका आहे.

शंका नाही. मला माहीत आहे. उतरणार नाही.

२४ एप्रिल

सकाळी सात वाजता बांधावर गेलो. शेवंताबाईंचं रान मोकळं होतं. शाळू तर मागंच काढलेला, पण वांगी बहरात होती. ती सगळी झाडं मुळासकट उपटून त्यांनी बांधाला रचून ठेवली होती. गवत कापून भारे बांधले होते. कडेच्या शेवग्याच्या फांद्यासुद्धा छाटल्या होत्या, मशीनला अडचण नको म्हणून. आणि स्वतः पदर खोचून शेवटचा भारा डोक्यावर घेत होत्या.

मी त्यांना इतकंच विचारलं, की एवढं कशाला केलं. म्हणाल्या, "पिकावरनं मशीन फिरल्यालं बगवत न्हाय. म्हनून म्याच काढलं."

कृष्णातनं मशीन चालू केलं. बकेट उचलली. माझ्याकडं बघितलं. मी हात आडवा केला. का केला हे मला सांगता येणार नाही, हात आपोआप गेला. मशीनच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं.

"वळीव."

"कुटं, आबा?"

"माझ्या रानात. खड्डा कुठं घेतलाय, तुला म्हाईत हाय."

कृष्णातनं मशीन फिरवलं. तुटल्या उसाचा नवा फुटवा, माझा खोडवा, गुडघ्याएवढा आलाय. साखळी त्यावरून गेली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी कडकडीत भूक लागून घरी आलो.

वर्षाराणीला सांगितलं, शिंपल्यासकट सगळं. तिनं भाकरी वाढली. म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?" आणि वर आणखी अर्धी भाकरी वाढली.

२५ एप्रिल

श्रुतीला बोलावून खड्ड्याबद्दल सांगितलं. ती चिडेल, रडेल, काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. जुना गावनकाशा. तिनं स्वतःच अर्ज करून मार्चमध्ये आणला होता. त्यावर दोन बारीक रेघांमध्ये ओढा दाखवलाय. वळणं घेत, बरोबर माझ्या पिवळ्या पट्ट्यावरून, नदीपर्यंत.

म्हणाली, आजीनं तिला थांबायला सांगितलं होतं. "आज सकाळी मी तो काढनारच होतो, आबा. तुमी एक दिवस आदी मशीन वळीवलासा."

एक दिवस आधी. तेवढ्यावर माझी अब्रू राहिली आहे. तिची माफी मागितली. ती म्हणाली, डोहांची संख्या तीनवरून पाच करा, मग बघू.

१ मे

ग्रामसभा. मी उभा राहिलो तेव्हा लोकांना वाटलं, कामाचा अहवाल देणार. मी म्हणालो की २१४ मधला ओढा जुना आहे, नवा नाही. आमच्या वडिलांनी तो बुजवला. आधी दर वर्षी नांगरताना काठाचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्याकडं घेतला. एका वर्षी एका तासानं काय होतं? वीस वर्षांत दोन्ही काठ आत सरकले. उरलेला बहात्तरच्या दुष्काळात कोरडा पडला तेव्हा माती टाकून सपाट केला आणि पुढं जमिनींच्या एकत्रीकरणात गट पडले, तेव्हा तो आमच्याच नावावर मोजून घेतला. साडेतीनाचे पावणेपाच झाले ते असे.

एवढं बोलून मी बसणार होतो. पण अर्धंच झालं असतं ते. मग पुढचंही बोललो. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या ओढ्यात मी खेकडे धरलेत. लहान होतो, नीट आठवत नाही, असं मी मला स्वतःला इतकी वर्षं सांगितलं की शेवटी तेच खरं वाटायला लागलं. फेब्रुवारीत खड्ड्यात शिंपले लागले आणि मी खड्डा बुजवला. वडिलांनी ओढा बुजवला, मी खड्डा.

मग मागून कुंभाराचा म्हातारा गुंडू उठला. मगरीवर एक तास बोलणाऱ्यांत हाही होता. म्हणाला, "आमीबी दोन-चार तास घेटल्यात की वरच्या अंगाला. खोटं कशाला बोलायचं." मग आणखी एकजण उठला. मग आणखी एक. वरच्या भागातल्या नऊजणांनी काठ सोडून द्यायचं तिथंच कबूल केलं. तीन जण काही बोलले नाहीत. त्यांच्या दारात मी जाणार आहे. रोज जाणार.

४ मे

शेवंताबाईंकडं गेलो. संमतीपत्र फाडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना ओढा कुठं आहे? मग सही का केली?

त्यांनी म्हशीपुढं गवताची पेंढी टाकली. मग म्हणाल्या, "ठावं नसंल कसं? म्याच बुजवलाय त्यो. लगीन होऊन सा म्हैनं झालतं. दुष्काळ. तुझ्या वडलानं वीस बायका लावल्यात्या. माळावरची माती पाटीत भरायची आनि ओढ्यात वतायची. चाळीस दिस. पाण्याच्या डबक्यात मासं तडफडत हुतं, त्येंच्यावर माती वतली आमी. रोजगार पायजे हुता. मी कुनाला काय म्हननार?"

मी म्हणालो, तुमचा त्यात काय दोष? सांगितलं आमच्या वडिलांनी.

"सांगणारा गेला, जोतीराम. वतणारी हाय मी अजून." त्यांनी आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून बघितले. "सांगून पटलं नसतं तुला. तू खणला व्हतास, बगितला व्हतास, तरी मुरूम म्हनालास. मग म्हनलं, जाऊ दे माजी वीस गुंठं. माती वतल्याली तेवडी तरी फिटंल."

मला रडू आलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला दुसऱ्याच्या अंगणात रडू येणं बरं दिसत नाही, पण आलं. त्यांनी थांबवलं नाही. म्हैस रवंथ करत होती.

निघताना मी पुन्हा माफीचं काढलं. त्या म्हणाल्या, "माफी नगं. कागदावर घाल. मानूस इसरतंय."

१९ मे

वरच्या भागातले शेवटचे दोनशे मीटर राहिलेत. तिघांपैकी दोघे तयार झाले. तिसऱ्याच्या दारात आज अकराव्यांदा गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवता ठेवता त्याला सांगितलं की हे पावणं आता रोजच येणार, त्यापरीस काठ सोडा. सोडला.

हवामान खात्यानं पावसाचा इशारा दिलाय, यंदा फार लवकर. कृष्णात दोन पाळ्या मशीन चालवतोय. मी, श्रुती आणि गावातली तीस-चाळीस माणसं काठाला वाळुंज आणि करंज लावतोय. वर्षाराणीनं कालपासून सगळ्यांची भाकरी घरातून चालवलीय.

२४ मे

तीन दिवस धो धो पाऊस. आज उघडीप मिळाली तसा काठानं चालत गेलो. पाणी गुडघाभर, गढूळ, पण चालणारं. खालच्या शिवारात दर पावसाला तळं साचतं. आज तिथं चिखल होता, तळं नव्हतं. वळणावर पाणी खरोखरच दमतं. आतल्या अंगाला गाळ टाकून पुढं जातं. हे मी श्रुतीला सांगितलं, जसं काही मलाच पहिल्यांदा सुचलंय. तिनं ऐकून घेतलं.

कृष्णातनं फांद्या रोवल्या होत्या तिथं अंड्यांची टरफलं होती. टिटवी दूरवर ओरडत होती आणि तिच्या मागं काठावरून तीन पिल्लं पळत होती. चौथ्याचं काय झालं, कळलं नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. दुसऱ्या डोहाचा एक काठ ढासळलाय. माझ्या रानाचे आता दोन तुकडे झालेत आणि पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायला वाट नाही. साकव घालावा लागेल. जमिनीतलं मीठ निघायला तीन-चार वर्षं तरी जातील, असं श्रुती म्हणते. जाऊ देत. मी आहे.

१२ जून

मोजणीदार येऊन गेला. दोन्ही काठांसकट ओढ्यात २१४ मधलं एक एकर नऊ गुंठे क्षेत्र गेलं. आज अर्ज द्यायला तलाठ्यांकडं गेलो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. मनानं चांगला आहे पोरगा. म्हणाला, आबा, सव्वा एकराच्या आसपास जमीन गावासाठी देताय, साधी गोष्ट नाही. कारणाच्या रकान्यात 'स्वखुशीने दान' असं लिहा. पंचायतीत ठराव करू, काठावर तुमच्या नावाची पाटी लावू, येत्या पंधरा ऑगस्टला सत्कार.

खोटं कशाला लिहू, मला मोह झाला. काठावर पाटी, करंजाच्या सावलीत, जोतीराम पाटील यांच्या दातृत्वातून. मी पेन हातात धरून बसलो. त्याला वाटलं, मला मजकूर सुचत नाही. त्यानं लिहून देऊ का म्हणून विचारलं.

म्हणालो, नको, मीच लिहितो. तेहतीस वर्षं सरकारी मराठीच लिहिली आहे. आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'सदर क्षेत्र दान दिलेले नाही. ते ओढ्याचे होते.'